नकाशात नसलेली तारा

हवालदार लालासाहेब त्र्याण्णव साली युगोस्लाव्हियातली यूएनची ड्यूटी संपवून उंब्रजला परतले, ते एक कॅसेट घेऊन. रोज सकाळी चहाबरोबर ती टेपवर लागायची. गिटार वाजायची, कुणी गोरा बाप्या गळा काढून "तारो मोया, तारो मोया" म्हणायचा आणि आमचे हवालदार बशीत बघत डोळे पुसायचे.

त्यांच्या बायकोने, बनुबाईने, चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी विचारलं, "मोया म्हंजी काय वं?"

"माजी," लालासाहेब बोलून गेले. फौजेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये!

"आन् तारो म्हंजी तारा न्हवं? ती कोन?"

"अगं, नदी हाय. गाणारा तिच्या काठचा. शहरात ऱ्हायला गेला आन् आठवणीनं गाणं केलं."

"नदीला कुणी माजी म्हनतं व्हय? येडं समजलासा मला?"

संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. गावात तारा नावाच्या तीन बायका होत्या, त्या नावाची नदी एकही नव्हती. बनुबाईने माहेरी जायला पिशवी भरली आणि ही नदी खरी का खोटी ते बघायला आष्ट्याला भावाला निरोप धाडला. नवरा लढाईच्या मुलखातून धड परत आला होता. पण आला तो आपलाच राहिलाय का, हे तिला कळायला हवं होतं.

भाऊ जोतीराम हायस्कुलात भूगोल शिकवायचा. तो काखेत ॲटलास मारूनच एस्टीतून उतरला. ओसरीवर नकाशा पसरला. युगोस्लाव्हिया सापडला, डॅन्यूब सापडली. भिंग आणलं, तरी तारा सापडेना.

"आक्का, हितं न्हाई गं," तो चाचरत म्हणाला.

बनुबाईने पिशवी उचलली.

"थांब जरा," लालासाहेब म्हणाले. "जोतीराम, आता आपली तारळी दाव."

पानं उलटली. कृष्णा होती, कोयना होती. तारळी नव्हती. बनुबाई स्वतः वाकून बघू लागली. वीस वर्षं जिच्यात तिने धुणं धुतलं, पोरांना पोहायला शिकवलं, ती नदी छापणाऱ्याला माहीतच नव्हती! तिला भयंकर राग आला, आणि तो नवऱ्यावर नव्हता. तिने पिशवी खाली ठेवली.

"नदीच आसंल, मानलं. पर परक्या नदीपायी एवढं रडायचं?"

"तिच्यापायी कोन रडतंय?" लालासाहेब मेव्हण्याकडे न बघता म्हणाले. "तिच्या काठाला बसलो की तारळीच्या घाटावर धुणं बडवताना तू दिसायचीस."

बनुबाईला हुंदका आवरेना.

"मग पत्रात तसं लिवायला काय झालं हुतं? दर खेपंला आपलं, 'हिकडं समदं खुशाल हाय'!"