लाडवाच्या रंगाचा गळ

भागोजीनं माशाचं पोट चिरलं आणि आतून अळीव बाहेर आले. विळी तिथंच थांबली. हातभर लांबीचा खवल्या मासा अंगणातल्या केळीच्या पानावर पडला होता. त्याच्या आतड्यात खोबऱ्याचा चोथा होता, आणि चोथ्यात फुगलेले तांबूस अळीव.

त्याची बायको येसूबाई खोबरं वाटता वाटता वाकून बघायला आली. "अवो, हे माझं अळीव हायेत," ती म्हणाली.

मासा गावच्या डोहातला, आणि डोहात काही अळीव पिकत नाहीत. रोह्याच्या वरच्या अंगाच्या त्या गावात एकाच घरी अळिवाचे लाडू होते, आणि तेही एकाच माणसासाठी. बाळंतिणीचं खाणं दुसऱ्या कुणी जिभेला लावायचं नाही, असा येसूबाईचा कडक नेम. रांधणारीनंसुद्धा चव घ्यायची नाही. लाडू खायचे ते जनीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, एकटीनं.

जनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पोरगा झाला आणि बारशाआधीच गेला. दात न आलेलं पोर जाळत नाहीत. भागोजीनं स्वतः त्याला डोहाच्या काठी करंजाखाली पुरलं. जनीनं तेव्हा विचारलं होतं, "बा, दहाव्याला काय करायचं?" गावात कुणाचं काही झालं की रीत विचारायला लोक भागोजीकडे येत. त्यानं नेहमीच्या आवाजात सांगून टाकलं, "एवढ्याशाला दहावा न्हाय, बाय. पिंड न्हाय, कावळ्याला घास न्हाय." जनी रडली नाही. तिनं मान हलवली आणि आत गेली.

तेव्हापासून ती वाळत चालली. घरात घास उतरत नाही म्हणून दुपारचं ताट घेऊन डोहावर जायची आणि घासलेलं ताट घेऊन परत यायची. रिकामं ताट बघून आईबाप समाधान मानत. पण गालफडं बसली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वैद्यानं बजावलं, अंगी लागेल असं काही पोटात गेलं नाही तर पोरगी पावसाळ्याचं तोंड बघणार नाही. भागोजीला आठवलं, लहानपणी जनी डोहातल्या खवल्याच्या कालवणासाठी हटून बसायची.

आता भागोजी म्हणजे हट्टाचा बाप. रोज सकाळी गळ घेऊन डोहावर हजर. गांडुळं झाली, कणकेच्या गोळ्या झाल्या, पिकली उंबरं झाली. खवले मासे तळाला गेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नव्हते, नुसतं वर येऊन पाण्याला तोंड लावून जायचे. तरुणपणी त्यानं एका साहेबाची मासेमारीची पेटी वाहिली होती. त्या पेटीत गळाला लावायच्या पिसांच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या माशा होत्या. तसलं काही करावं म्हणून त्यानं भेंडाचा हलका तुकडा कोरला, कोंबडीचं पांढरं पीस बांधलं, खोबरेल चोळलं. गावाला तर करमणूकच झाली. "भागोजी माशांची लग्नं लावतोय, बाशिंगं कोरतोय!" भागोजीनं शिव्या हासडल्या आणि कोरणं चालू ठेवलं.

पांढऱ्याला मासा शिवेना. मग त्यानं भेंडावर नारळाचा काथ्या गुंडाळला आणि वरून गुळाच्या पाण्यात कात कालवून फासला. तो तांबूस गोळा पाण्यावर पडला मात्र, खवल्यानं झडप घातली. आपल्या अकलेवर भागोजी असा खूश झाला, की घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला मासा दाखवत आला.

आता पानावरचे अळीव बघून त्याला कळलं, त्यानं काय बनवलं होतं. त्यानं लाडू बनवला होता.

हात न धुताच तो डोहाकडे धावला. करंजाखालच्या धोंड्यावर जनी बसली होती. ताटातला भात संपला होता. ती लाडू कुसकरून पाण्यावर सोडत होती आणि वाट बघत होती.

"बा, आज मोठा वर आला न्हाय," ती मागं न बघता म्हणाली.

 भागोजीनं हात पाठीमागं घेतले. "जनी, तू जेवतेस का न्हाय?"

"मी जेवू? आणि त्याला कोण दील? तूच म्हनलास, पिंड न्हाय, कावळा न्हाय. मग त्यानं उपाशी ऱ्हायाचं? मासं तरी हितलंच हायेत, त्याच्या जवळचं."

 भागोजीनं इतक्या जणांना रीत सांगितली, पण सांगून झाल्यावर घरी जाऊन माणूस काय करतो हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं रक्ताचे हात पुढं केले.

"मोठा मी मारला, बाय. तुझ्यासाठीच मारला."

जनी त्या हातांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच उठायला लागली, तसा भागोजीनं तिचा हात धरला. हात कसला, नुसतं हाड. तिला खाली बसवून त्यानं उरल्या लाडवाचे दोन तुकडे केले.

"काय नाव ठेवणार व्हतीस?"

ती म्हणाली, "रतन."

भागोजीनं तुकडा कुसकरून पाण्यावर ठेवला. "रतन, आजा देतोय. घे बाबा." मग दुसरा तुकडा जनीच्या हातात दिला. "त्यानं घेतला की तू खायाचा. शपथ हाय माझी."

पाणी हललं नाही. चुरा तरंगत तरंगत कडेला चालला. गळ टाकताना भागोजीनं देवाकडे कधी मासा मागितला नव्हता, तो आता मागितला. मोठा तर घरी पानावर पडला होता. बाकीचे भिऊन कायमचे खाली गेले असतील तर काय, या भीतीनं तो चुऱ्यावरून नजर हलवेना.

शेवटी बोटाएवढं एक पिल्लू वर आलं. त्यानं चुऱ्याला तोंड लावलं, सोडलं, पुन्हा धरलं आणि खाली नेलं.

जनीनं तुकडा तोंडात घातला. ती कितीतरी वेळ चावत राहिली. भागोजी तिच्या घशाकडे बघत होता. घास उतरला, तशी तिनं कपाळाला आठी घातली.

"बा," ती म्हणाली, "आई गूळ घालायचा इसरलीय."