अर्ध्या इंचाची सूट

घरात काम काढलं की पहिला आठवडा माणूस गवंड्याला हौसेने चहा देतो, दुसरा आठवडा सवयीने. त्यानंतर चहा आपोआप होतो, कोण करतं ते करणाऱ्यालाही कळत नाही. आमचा नववा आठवडा चालू होता. काम केवढं, तर एक बाथरूम. पावडरच्या डब्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळीकडे सिमेंटची धूळ होती आणि मी पुसायचं सोडून दिलं होतं.

काम काढलं होतं भाऊजींसाठी. भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. दोघांचं मिळून शिलाईचं दुकान. कोट-पँट भाऊजी बघायचे, बाकी सगळं हे. गेल्या वर्षी माळ्यावरून कापडाचा तागा काढताना भाऊजी स्टुलावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. लग्न केलेलं नाही, दोन जिने चढून जायच्या खोलीत एकटे राहायचे. ती खोली अर्थातच सुटली. सात महिने ते एका केंद्रात होते. तिथे चाकाच्या खुर्चीवरून स्वतःचं स्वतः करायला शिकवतात, आणि भाऊजी शिकले. आता महिनाअखेरीला त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती. केंद्राने विचारलं, घरी नेताय की आमच्याच कायम राहणाऱ्यांच्या विभागात ठेवताय?

भाऊजींनी आम्हाला बोलावून घेतलं आणि एकच अट घातली.

"येतो. पण बाथरूमला मला कुणी उचलून न्यायचं नाही. तशी वेळ आली तर मी त्याच दिवशी परत इथे."

भाऊजी बोलले की तसं करतात. उगाच धमकी द्यायची त्यांना सवय नाही, त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटत होती.

आमच्याकडची दोन नंबरची मशीन, कापडाच्या कडा बांधायची ओव्हरलॉकची, विकून आम्ही कामाला हात घातला. पहिली चूक माझी. मी दुकानात जाऊन फिकट निळ्या, चकचकीत फरशा निवडल्या. इतक्या सुंदर होत्या की लावून झाल्यावर मी दोनदा उगीच आत जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा पाय ओला होता आणि मी नळाला धरून वाचले. ओल्या फरशीवर चाक सरकलं तर भाऊजी कशाला धरणार? सगळ्या फरशा फोडून खरखरीत करड्या बसवल्या. मशीनचे अर्धे पैसे तिथेच पाण्यात गेले.

दुसरी चूक गवंड्याची. चाकाला अडथळा नको म्हणून उंबरठा काढायला सांगितलं, तर त्या भल्या माणसाने उंबरठ्याबरोबर ढाळही काढला. बादली ओतली की पाणी मोरीच्या जाळीकडे पाठ फिरवून थेट स्वयंपाकघरात यायचं. गवंडी म्हणाला, घराचाच उतार तसा आहे. तीस वर्षं या घरात राहून मला तो उतार कधी दिसला नव्हता. पुन्हा फोडाफोडी, पुन्हा चहा. शेवटी पाणी जाळीत गेलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त खाली बसले.

राहिलं होतं दार. दाराचं माप यांनी कुणालाही घेऊ दिलं नाही. "आयुष्यभर काय केलं मी?" असं म्हणून गळ्यातली टेप घेऊन हे केंद्रात गेले आणि भाऊजींच्या खुर्चीची रुंदी मोजून आले. बरोब्बर पंचवीस इंच. त्यावर अर्धा इंच सूट, म्हणजे दार साडेपंचवीस. सुतार म्हणाला, साहेब, तीस ठेवा, माणसाला हात हलवायला जागा लागते. यांना ते पटेना. ढगळ काम यांनी कधी केलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही, कारण एका बाजूला खांब होता आणि दुसऱ्या बाजूला माझा ओटा. चौकटीची जाडी धरून तीस करायचे तर ओट्याचं टोक फोडावं लागणार होतं. मी सुताराला बजावून सांगितलं होतं की माझ्या ओट्याला हात लावायचा नाही. नऊ आठवड्यांत घरातली तेवढी एकच जागा माझी उरली होती.

भाऊजी आले त्या सकाळी सुतार कडी बसवत होता. केंद्राच्या गाडीवाल्याने खुर्ची खाली उतरवली, भाऊजींना खुर्चीत बसवलं. पुढे भाऊजींनी कुणाला हात लावू दिला नाही. पायरीवर टाकलेल्या फळीवरून स्वतः चाकं फिरवत आत आले. भिंती बघितल्या, फरशीला बोट लावून खरखर बघितली आणि मान डोलावली. ही मान कोट चांगला बसला की डोलायची, तशीच. यांचा चेहरा उजळला. मग भाऊजींनी खुर्ची दाराकडे वळवली आणि पुढे ढकलली.

खुर्ची अडकली.

त्यांनी मागे घेतली, सरळ केली, परत ढकलली. डावं चाक आत गेलं, उजवं चौकटीला घासून थांबलं. नव्या पॉलिशवर काळा ओरखडा उठला. हे पुढे होऊन म्हणाले, दादा, आजच्या दिवस मी उचलतो, उद्या बघू काहीतरी.

"गाडीवाल्याला थांबायला सांग," भाऊजी म्हणाले.

गाडीवाला दारातच होता. त्याला पाचपर्यंत परत पोचायचं होतं. थांबतो म्हणाला आणि पायरीवर बसला. त्याला चहा दिला.

भाऊजींनी खुर्ची मागे घेतली. आवाज चढवला नाही. "माप कुणी घेतलं?"

"मी घेतलं."

"कशाने?"

यांनी गळ्यातली टेप काढून दिली. पिवळी होती कधीकाळी, आता तिचा रंग सांगता येत नाही. भाऊजींनी ती सुताराच्या लोखंडी टेपशेजारी टेबलावर ताणून धरली. आपली कापडी टेप जिथे साठ म्हणत होती, तिथे लोखंडी टेप साडेएकसष्ट म्हणत होती. खुर्ची पंचवीस नव्हतीच, साडेपंचवीसच्याही वर होती. तीस वर्षं ताणून ताणून टेप वाढली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. कसा असणार? माप घ्यायचं तिनेच, कापड कापायचंही तिनेच. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून कपडा अंगावर बरोबर बसायचा.

"ही मीच दिलेली ना?" भाऊजींनी विचारलं.

"तूच दिलीस. आणि तूच म्हणालास, माप आणि कटिंग एकाच टेपने, टेप बदलायची नाही."

"बरोबर सांगितलं होतं मी. पण या वेळी कापलं दुसऱ्या टेपने, धाकट्या." भाऊजींनी टेप गुंडाळली. "जाऊ दे. चूक माझ्यापासूनच सुरू झाली म्हणायची."

ते फार शांतपणे बोलले. हा माणूस निघायच्या तयारीत होता. यांच्याकडे बघितलं तर हे टेबलाला धरून उभे, बासष्ट वर्षांचा माणूस. आणि मला एकदम सगळ्याचा संताप आला. फरशांचा, गवंड्याचा, यांच्या फिटिंगचा आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या ओट्याचा.

मी म्हणाले, "भाऊजी, यात माझाही हात आहे. सुतार तीस म्हणत होता. मी ओटा फोडू दिला नाही." मग सुताराकडे वळले. "फोडा ओटा."

सुतार शहाणा माणूस होता. तो म्हणाला, ओटा कशाला फोडायचा, वहिनी? चौकट काढली तर दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच मिळतील. फक्त मग दार कशावर लावणार? ती चौकट त्याने सागवानाची, चार दिवस खपून केलेली. हे सांगताना त्याचा आवाज पडला.

"काढा चौकट," मी म्हणाले.

"आणि मी उघड्यावर बसू?" भाऊजींनी विचारलं.

"घरात दोन-दोन शिंपी आहेत. एक पडदा शिवून होत नाही?"

कुणी हसलं नाही. भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, कापड कुठलं आहे?

पुढचे तीन तास माझ्या घरात एकाच वेळी तोडणं आणि शिवणं चाललं होतं. सुताराने छिन्नी-हातोडीने चौकट उखडली. तिचे पाय जमिनीत गाडलेले होते, तिथे दोन खड्डे पडले, ते त्याने लवकर सुकणारं सिमेंट भरून बुजवले. गवंडी असता तर बरं झालं असतं, पण गवंडी कामावरून कधीच गेला होता. मी जाड कॅनव्हास काढून दिला, दुकानाच्या पडवीसाठी आणून ठेवलेला. भाऊजींनी जेवणाच्या टेबलाशी खुर्ची लावली. हे सुताराची लोखंडी टेप पुढे करायला लागले तर भाऊजींनी हात झटकला आणि जुनीच मागितली. दाराचं माप तिनेच घेतलं, कापड तिनेच कापलं. कात्री चालताना मध्ये एकदाही थांबली नाही. यांनी पायमशीनवर कडा दुमडून शिवल्या. गेल्या वर्षी पडल्यानंतर पहिल्यांदाच भाऊजींनी कापलेलं यांच्या हातात येत होतं. हे शिवताना मान वर करत नव्हते.

पडदा टांगला. काठोकाठ बसला, खाली फक्त एक बोट जागा.

भाऊजी आत गेले. दोन्ही चाकं गेली, त्यांचे हातही गेले. पडदा ओढला. हे बाहेर उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घालत होते, बाहेर काढत होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सुतार हत्यारं भरत होता, तोही थांबला. गाडीवाला पायरीवर घड्याळ बघत होता. आत खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला, बराच वेळ काही नाही, मग धडपडल्यासारखं काहीतरी. हे पुढे सरकले, मी त्यांचा दंड धरला. आणखी थोडा वेळ गेला. मग नळ सुटला. बादलीत पाणी पडायला लागलं, मग अंगावर घेतल्याचा आवाज. भाऊजी अंघोळ करत होते.

आणि पडद्याखालून पाणी आलं. आधी एक बारीक रेघ, मग चांगला ओघळ. सुताराने भरलेल्या खड्ड्यांपाशी ढाळ पुन्हा बिघडला होता. पाणी माझ्या पायाशी आलं, पायाला वळसा घालून ओट्याखाली शिरलं. सुतार वर बघेना. हे माझ्याकडे बघत होते.

"पाणी बाहेर येतंय का गं?" आतून भाऊजींनी विचारलं.

तेवढ्या वेळात मला नऊ आठवडे आठवले, निळ्या फरशा आठवल्या, परत फोडायची ती जमीन दिसली. मी इतकी दमले होते की खरं बोलायला पण जीव नव्हता, आणि खोटं बोलताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

"नाही भाऊजी. कोरडं आहे."

आत नळ बंद झाला.

"मग गाडीवाल्याला जा म्हणावं. उगाच खोळंबलाय बिचारा."

हे लगबगीने बाहेर गेले. मी कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि गुडघे टेकून खाली बसले. भाऊजी बाहेर यायच्या आत सगळं पुसून व्हायला हवं होतं.