चौथा स्क्रू

मी एक जुना, आखूड नळीचा, खिशात मावणारा रिव्हॉल्व्हर आहे. मित्रांनो, आज मी रागाने बोलणार आहे. तीन महिने मला भलताच कोणीतरी ठरवून डांबून ठेवले होते.

कारखान्यात माझ्या कुशीवरची झाकणपट्टी चार स्क्रूंनी बसवली. पुढे मालकांनी एक स्क्रू वाचवला आणि माझ्या धाकट्या भावंडांना तीनच मिळाले. एरवी आम्ही सारखेच दिसतो. चौथा स्क्रू आणि मुठीच्या बुडाशी ठोकलेला नंबर, एवढीच माझी खरी ओळख.

मला लव्हर्न स्टिडम या बाईंनी घेतले. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या वस्त्यांवर त्या एकट्याच गॅसचे मीटर वाचत फिरायच्या. वाटेत सुटे कुत्रे, दारू प्यालेली माणसे. तीस वर्षे मी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात राहिलो आणि एकदाही माणसावर रोखला गेलो नाही. याचा मला अभिमान आहे. माझी मूठ त्यांच्या लांब बोटांना तोकडी पडे. म्हणून त्यांचे यजमान होबार्ट यांनी अक्रोडाच्या लाकडाची लांब मूठ कोरली. ती त्यांच्या हातची शेवटची वस्तू. पुढच्या हिवाळ्यात खाणीच्या धुळीने त्यांचा श्वास संपवला. त्या मुठीखाली माझा एक स्क्रू आणि माझा नंबर झाकला गेला.

बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या गाडीच्या खणात पडून राहिलो. गाडीला कुलूप नाही! एके दिवशी चोराने मला उचलले. त्याबद्दल बाईंवरही माझा राग आहे.

चोर सापडला, मी पोलिसांच्या कपाटात गेलो. बाई माझे मूळ खोके घेऊन आल्या. कपाट सांभाळणाऱ्या डेल्बर्टने माझे गोळ्या भरायचे चक्र बाजूला काढून आत डोकावले.

"इथं सहाशे तेरा लिहिलंय, मावशी. खोक्यावर भलताच आकडा. तुम्ही म्हणता चार स्क्रू, मी मोजतोय तीन. हा तुमचा नाही. शुक्रवारी बाकीच्या बेवारस हत्यारांबरोबर वितळायला भट्टीत जाणार."

सहाशे तेरा! कामगारांनी माझे सुटे भाग दुसऱ्याच्या भागांत मिसळू नयेत म्हणून घातलेली ती खूण. ते काय माझे नाव आहे?

"ही मूठ माझ्या होबार्टनं केलीय," बाई म्हणाल्या.

"अशा मुठी जत्रेत ढिगानं मिळतात."

"डेल्बर्ट, माझ्याआधी मीटर वाचणारा माणूस पाच वर्षं तुझ्या आईच्या नावावर शेजारणीचा मीटर वाचत होता. आकडा बरोबर, मीटर चुकीचा! मूठ उघड."

"मोडली तर?"

"एकच स्क्रू आहे. नाणं लाव."

"सरकारी जप्तीच्या वस्तूला नाणं?"

"मग डोकं लाव. ते तरी जप्त नाही ना झालेलं?"

डेल्बर्टने खिशातून नाणे काढले. मूठ सुटली. चौथा स्क्रू तिथेच होता, आणि बुडाशी माझा नंबर. बाईंनी खोके शेजारी धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळे जुळले. डेल्बर्ट कानापर्यंत लाल झाला, कागद ओढून लिहू लागला. काय लिहिले त्याने? पुन्हा सहाशे तेरा!

बाईंनी त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन ते खोडले. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. तिथे शुक्रवारची चिठ्ठी लावलेले माझ्यासारखे आणखी नऊ जण होते.

"यांच्या मुठी उघडल्यास?"

डेल्बर्टने हातातल्या नाण्याकडे पाहिले.

बाईंनी कोट काढला आणि खुर्ची ओढली. "नाणं आहेच तुझ्याकडं. तू उघड, मी वाचते."

आता मी बाईंच्या घरी कुलपाच्या पेटीत असतो आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी उघड्यावर दिसला तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि पुढे कधी कोणाची ओळख लिहायचे काम तुमच्याकडे आले, तर जे सहज दिसते तेवढ्यावर लिहून मोकळे होऊ नका.

त्या नऊ जणांतले दोघे चुकीच्या नंबराने भट्टीत निघाले होते. ते वाचले. आदल्या वर्षी जे गेले त्यांचे काय, हे बाईंनी विचारले, तेव्हा डेल्बर्टने कपाट लावून घेतले. मी अजून विचारतो आहे.