ईदपर्यंतचा कांदा

लग्नात माइक हाती आलेल्या प्राध्यापकाला वेळीच आवरावं लागतं. विंचूरजवळच्या लॉन्सवर त्या चैत्रात शेखर गायधनीला कुणी आवरलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

शेखर नाशिकच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. धर्म आणि शेजारी देशांची सुरक्षा हा त्याच्या अभ्यासाचा विषय, त्यावर त्याचं पुस्तकही होत आलं होतं. त्याचं म्हणणं असं, की दोन देश एकमेकांचं तोंड बघत नसले तरी सणासुदीला त्यांना नमतं घ्यावंच लागतं. सणाला घरात जिन्नस नसला की लोक रस्त्यावर येतात, आणि रस्त्यावर आलेले लोक कुठल्याही सरकारला शेजाऱ्याच्या रणगाड्यापेक्षा जड जातात. परिषदांमध्ये हे मांडलं की सगळे माना डोलवायचे. मान डोलवायला काय जातं? परिषदेतल्या कुणाच्या दारात कांदा साठवायची चाळ नसते.

लग्न होतं चुलत मेव्हण्याचं. पुढाऱ्यांचे आशीर्वाद संपले तसं कुणीतरी म्हणालं, आता जावईबापूंनी दोन शब्द बोलावेत. शेखरने वधूवरांना एका वाक्यात उरकलं आणि तो थेट बांगलादेशाच्या सीमेवर जाऊन पोचला. तिकडे आपल्या कांद्याची आयात बंद होती. पण बकरी ईदला तिथं घरोघर कांदा लागतो, तेव्हा संबंध कितीही ताणलेले असोत, ईदेआधी त्या सरकारला दार उघडावंच लागेल, असं त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. त्याचे सासरे नाथा उठून उभे राहिले, फेटा सावरला आणि भर मांडवात म्हणाले, "मंग ठरलं. आमची चाळ ईदपर्यंत उघडायची नाय."

ईद आली आणि गेली. सीमा काही उघडली नाही. आमच्या शेतकऱ्यांचा कांदा आधी विकू दे, असं तिकडच्या सरकारने सांगितलं. शेखरने स्टाफरूममध्ये बातमी वाचली आणि समोरचा चहा तसाच निवू दिला. त्याने हिशेबात मौलवी धरले होते, पक्ष धरले होते, दोन्हीकडचं लष्कर धरलं होतं. तिकडेही कुणाचा तरी सासरा कांदा पिकवत असेल, एवढंच धरायचं राहिलं होतं.

इकडे भाव पडत गेला, ऊन तापत गेलं. अशा उकाड्यात चाळीतला कांदा सडायला वेळ लागत नाही, आणि ती चाळ म्हणजे सासऱ्यांचं अख्खं वर्ष होतं. बायको हर्षाली भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणायची, आण्णांना फोन करा. फोन केला की सासरे म्हणायचे, कांदा हाय चाळीत, तुम्ही काळजी नका करू, आणि घाईने ठेवून द्यायचे. शेखरला वाटायचं, रागावलेत, बोलायचीही इच्छा नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पुढे काय होईल याच्या अंदाजांचं होतं. ते जागचं हलेना. घरच्या माणसांना बुडवून आपण सरकारांना कोणत्या तोंडाने सल्ले द्यायचे, या विचाराने त्याला खरोखर लाज वाटत होती.

त्यात लागला होता अधिक महिना. सणांच्या तारखांवर पोट भरणाऱ्या या माणसाला ते बायकोने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. तीन वर्षांतून एकदा येणारं आवतण, नाही म्हणायची सोय नाही. ज्यांच्या कांद्याचं वाटोळं केलं त्यांच्याकडूनच पाय धुऊन घ्यायचे, या कल्पनेने निफाड मागे पडेपर्यंत शेखरने गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

गाडी दारात थांबली, हर्षाली उतरून घरात गेली आणि त्याने पहिल्यांदा चाळीकडे पाहिलं. फळ्यांच्या फटींतून कांदा नुसता दाटला होता, खालपासून वरपर्यंत.

सासूबाई कुसाबाईंनी पाय धुतले, ओवाळलं, चांदीचा दिवा आणि ताटभर अनारसे पुढे केले. पण नजरेला नजर काही देईनात. सासरे तर पाट मांडतानाही जावयाची पाठ चाळीकडे होईल, याची काळजी घेत होते. शेखरला ते काट्यासारखं बोचलं. जेवायच्या आधी माफी मागायची, असं त्याने ठरवलं. पण किती सडला आहे ते तरी डोळ्यांनी पाहावं म्हणून हात धुवायच्या मिषाने तो उठला आणि चाळीपाशी गेला.

वास येईना. त्याने फटीतून हात घातला. दोन कांदे सरकले आणि हात कोपरापर्यंत मोकळ्या हवेत गेला. दार ढकललं तर पुढच्या फळ्यांना टेकून रचलेला एक पातळ थर, आणि त्यामागे सगळी चाळ रिकामी. जमीन झाडून ठेवलेली, एक खाट, आणि रवंथ करत बसलेली शेळी.

मागे सासरे येऊन उभे होते. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी इकला," ते म्हणाले. "धीर नाय निघाला. डोळ्याला डोळा लागंना. पण भर मांडवात शब्द दिला व्हता. तुम्ही येशाल, रिकामी चाळ बघशाल, जावयाचं ऐकलं नाय म्हणून मनाला लावून घेशाल. म्हणून पुढून थर लावला."

शेखर त्या खाटेवर बसला. आधी त्याला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं ते त्याला अक्षरशः जाणवलं. "मामा, मला वाटलं मी तुमचं वर्ष बुडवलं," तो म्हणाला. "आणि तुम्ही फोन ठेवून द्यायचात."

"खोटं कितीक येळ बोलावं मानसानं?"

कुसाबाई दारातून म्हणाल्या, की मी पहिल्यापासून सांगत होते, खरं काय ते बोला, पण ह्यांना जावयाचा धाक. मग मात्र तिघंही हसत सुटले.

हसणं ओसरल्यावर सासऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मंग आता खरं सांगा, कधी उघडंल ती सीमा?"

सवयीने शेखरचं तोंड उघडलं. कारणं तयार होती, सणही पुढे होतेच. त्याने तोंड मिटलं. "मला माहीत नाही, मामा."

सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "येवढं लग्नात बोलला असता, तर मी चोरून कशाला इकला असता?"

शेखर त्या दिवशी पुरणाचे धोंडे मागून मागून जेवला आणि त्याच खाटेवर संध्याकाळपर्यंत गाढ झोपला. उठला तेव्हा पुढचा थर गायब होता आणि गाडीच्या डिकीत दोन गोण्या भरलेल्या होत्या. एवढा कांदा दोघांना कशाला, असं तो म्हणाला.

"तुमच्या शब्दाखातर ईदपर्यंत राखलेला हाय," सासरे डिकी लावत म्हणाले. "तो तुम्हीच खायचा."

हर्षाली नाशिक येईपर्यंत हसत होती.