दोनशे पेशी

धाकटीने अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ती सूक्ष्मदर्शकापुढे बसली, तेव्हा बसवाल्या काकांची बायको बाहेरच्या बाकावर कधीचीच येऊन बसली होती. आज सत्ताविसावा दिवस. काकूंनी एकही चुकवला नव्हता.

धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली वयाने सगळ्यांत लहान. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तो अडीच वर्षांचा होऊन घर डोक्यावर घ्यायला लागला, तरी इथे ती धाकटीच. हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलेलं, आणि बाईंनी ठेवलेलं नाव बदलायची छाती कोणाची!

बसवाल्या काकांनी तीस वर्षं बस चालवली होती. मग रक्ताचा कर्करोग निघाला. हाडांच्या आत जो मगज असतो, जिथे रक्त तयार होतं, तोच बिघडला होता. सख्ख्या भावाबहिणींपैकी कोणाचंच जुळेना. शेवटी औषधांनी तो जुना मगज झाडून पुसून काढला आणि त्या जागी नाळेतलं रक्त दिलं. कुठल्याशा बाईने आपल्या बाळंतपणात दान केलेलं, मूठभर. बाळ मुलगी होती, एवढंच कागदावर होतं. नाव नाही, गाव नाही.

आता मूठभर रक्तावर पंचावन्न वर्षांचा उंचापुरा माणूस कसा उभा राहणार? म्हणून त्या रक्तातल्या मूळ पेशी या प्रयोगशाळेत तीन आठवडे उबेत ठेवून वाढवल्या होत्या. हेच इथलं संशोधन, आणि काका त्यातले पाचवे. चौथ्या रुग्णाच्या शरीरात रक्त पुन्हा तयार झालं, सगळे हरखले, आणि मग कळलं की ते त्याचंच जुनं रक्त होतं. मागोमाग आजारही परतला. चौथ्याबद्दल इथे कोणी बोलत नसे.

पेशी देण्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक लहानशी पिशवी टांगली, हाताच्या शिरेतून थेंब थेंब आत सोडली, की झालं. पण पुढचं जे होतं त्याने धाकटी आजही चक्रावून जायची. शिरेत सोडलेल्या त्या पेशी रक्तातून फिरत फिरत बरोब्बर हाडांत जाऊन बसतात. कोणी वाट दाखवत नाही, कोणी पत्ता देत नाही.

"हाडं त्यांना हाका मारतात," बाई म्हणायच्या. "कशी, तेही आता बरंचसं ठाऊक झालंय. पण ठाऊक झालं म्हणून नवल थोडंच ओसरतं?"

पेशी दिल्यावर चोवीस दिवस पांढऱ्या पेशी मोजणारं यंत्र शून्य दाखवत राहिलं. पंचविसाव्या दिवशी आकडा उमटला, तीनशे. रक्त तयार होत होतं. पण कोणाचं? काकांचं जुनं, की त्या बाळाचं नवं? आज त्याचाच निकाल होता. जुनं असलं तर डॉक्टरांना लगेच दुसरी वाट धरायची होती, आणि त्यासाठी काकांच्या अंगात फारशी ताकद उरली नव्हती.

ओळखायची रीत सोपी होती. पेशींना असा रंग द्यायचा की बाईच्या पेशीत दोन लाल ठिपके चमकावेत आणि पुरुषाच्या पेशीत एक लाल, एक हिरवा. अशा दोनशे पेशी मोजायच्या. काचेच्या पट्ट्या तिने कालच तयार करून ठेवल्या होत्या. एक काकांची आणि एक ताडून बघायला, निरोगी बाईच्या रक्ताची. ती निरोगी बाई म्हणजे नेहमीप्रमाणे धाकटी स्वतः.

तिने काकांची पट्टी लावली. काळ्याभोर अंधारात निळसर गोल उजळले. पहिल्या गोलात दोन लाल. दुसऱ्यात दोन लाल. तिसऱ्यात, चौथ्यात, दहाव्यात तेच. तिचा हात तोंडावर गेला. त्या अनोळखी पोरीच्या पेशी इतक्या मोठ्या माणसाच्या हाडांत शिरून घर मांडून बसल्या होत्या. आता ओरडत बाहेर धावावं आणि काकूंच्या गळ्यात पडावं, असं तिला झालं.

आणि तेवढ्यात तिला कालचा फोन आठवला.

काल पट्ट्यांवर थेंब सोडतानाच पाळणाघरातून फोन आला होता. लेकाला ताप. फोन खांद्याला चिकटवून तिने थेंब सोडले होते. कुठला कुठे? पट्टीवर नंबर होता काकांचाच, पण थेंब? दोन्हींवर तिच्याच नळीतले तर नव्हते पडले? तिने दुसरी पट्टी लावून पाहिली. तिथेही दोन लाल. दोन्ही पट्ट्यांवर पेशी सारख्याच दाट, कारण तिनेच आपलं रक्त पातळ करून बरोबरीला आणलं होतं.

म्हणजे ती इतका वेळ स्वतःच्याच रक्ताकडे बघून हरखत होती की काय?

गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. ती उठली आणि मोठ्या बाईंना आत घेऊन आली. सगळं सांगितलं, फोनसकट.

बाईंनी दोन्ही पट्ट्यांवरचे नंबर वाचून पाहिले. मग म्हणाल्या, "ताप उतरला का?"

"हो. सकाळी माझ्या भातात पाणी ओतलंन् त्याने."

"म्हणजे बरा आहे. आणि फोन खांद्यावर घेऊन हे काम पुन्हा केलंस तर तुला भांडी घासायला बसवीन, कळलं? काकांच्या आणि तुझ्या रक्ताच्या नळ्यांतून दोन्ही पट्ट्या आज नव्याने लाव. त्यांचा निकाल उद्या. पण आजही कळेल. आता बस आणि हिरवा शोध."

"हिरवा?"

"चांगलं रुजलं तरी सुरुवातीला जुन्या चारदोन पेशी मागे रेंगाळतातच. या पट्टीत हिरवा सापडला तर हे रक्त काकांचं. तुझ्यात हिरवा कुठून येणार?" बाई थांबल्या आणि हसल्या. "तसा येऊ शकतो म्हणा. मुलाची आई आहेस. पोटातल्या पोराच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. पण त्या लाखांत एखादी. दोनशेत दिसायच्या नाहीत."

धाकटी तोंडाचा आ वासून बघत राहिली. हे तिने कधीतरी वाचलं होतं, पण स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

"मग बघशील आ वासून," बाई म्हणाल्या. "मोज आधी."

आणि मग गंमत बघा. ज्या हिरव्याच्या धास्तीने तिला रात्रभर झोप नव्हती, तोच हिरवा दिसावा म्हणून ती आता डोळ्यांत तेल घालून बसली. चाळीस. साठ. दोन लाल, दोन लाल. नव्वद झाल्या, तरी हिरवा नाही. एकशे बारावी पेशी भिंगाखाली आली. एक लाल आणि त्याच्या शेजारी टपोरा, पाचूसारखा हिरवा.

"बाई!"

"ओरडू नकोस, पुढे चल."

दोनशे पूर्ण झाल्या. तीन हिरवे. मग बाईंनी तिचा आकडा न विचारता त्याच पट्टीवर स्वतः दोनशे मोजल्या. त्यांना चार सापडले. धाकटीच्या रक्ताच्या पट्टीत दोघींना एकही नाही.

"काकांचंच आहे," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि बराच वेळ ते चोळतच राहिल्या.

डॉक्टर आले. ऐकलं. ते जवळच्या स्टुलावर बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्टुलावर कोणाचा तरी डबा होता. मग तिघंही वेड्यासारखी हसली.

बाहेर काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. आतलं हसणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"कोणाचं निघालं?" त्यांनी विचारलं.

"बाळाचं," डॉक्टर म्हणाले. "अगदी थोडं काकांचं जुनं आहे. बाकी सगळं त्या मुलीचं. उद्या नव्या पट्ट्यांवर पुन्हा खात्री करू, मग कागदावर देऊ."

काकू परत बाकावर बसल्या. पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "केवढी असेल हो आता ती?"

"नक्की सांगता येत नाही. पिशवी चार वर्षांपूर्वीची आहे."

"चार वर्षांची!" काकूंनी धाकटीकडे पाहिलं. "अगं, तिला धड बूट घालता येत नसतील. आणि इकडे यांना ओढून वर काढतेय. तिला ठाऊकसुद्धा नाही." मग त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं, "राहील ना ती यांच्यात?"

खोटं बोलायची डॉक्टरांना सवय नव्हती.

"आज आहे," ते म्हणाले. "चांगली पाय रोवून आहे. उद्या पुन्हा मोजू. पुढच्या आठवड्यातही मोजू."

"मोजा," काकू म्हणाल्या. "मी येतेच आहे."