विंगेतले ओठ

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजबाई म्हणत. तीस वर्षं विंगेत उभी राहून तिनं नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, त्यातली निम्मी तरी एकट्या नवऱ्याला. तो कंपनीतला मुख्य नट. आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूसही ताठ बसावा. पाठांतराच्या नावानं मात्र आनंदीआनंद! अडला की नजर विंगेकडे. ही नुसते ओठ हलवायची आणि तो शब्द उचलून असा फेकायचा, जणू त्याच्याच पोटातून आला.

मग त्याच्या मेंदूत गाठ निघाली, नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून. सर्जननं दोघांना समजावलं. कवटी उघडून त्याला जागं ठेवायचं, मेंदूला ठिकठिकाणी विजेचा हलका स्पर्श करायचा आणि चित्रं दाखवून नावं विचारायची. जिथं बोलणं अडेल ती जागा सोडायची, बाकी गाठ काढायची. त्यासाठी आधी चाचणी. जी नावं त्याला एरवीही येत नाहीत ती चित्रं गठ्ठ्यातून काढायची, नाहीतर तो विजेमुळे अडला की नावच येत नव्हतं म्हणून, हे ऑपरेशनमध्ये कळायचं नाही.

चाचणी घेणारी थेरपिस्ट तरुण होती, स्वभावानं मऊ. तिनं बाईला आपल्या मागे खुर्ची दिली आणि आवाज करू नका म्हणाली. बाईनं आवाज केलाच नाही. पण शिडीच्या चित्रापाशी नवरा अडला, त्याची नजर वर आली आणि बाईचे ओठ आपसूक हलले. शिडी, तो रुबाबात म्हणाला. मग कात्री, मग कंदील, अशी दहा-बारा तरी. जित्याची खोड, दुसरं काय! ऐंशीपैकी ऐंशी बरोबर आली. थेरपिस्टनं कौतुक केलं आणि बाईला, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर आला तो मान खाली घालून. हवी तेवढी गाठ निघाली नव्हती. तीन ठिकाणी बोलणं अडलं, तिथं हात लावायची सोय नव्हती. बाईनं थेरपिस्टला हळूच विचारलं, कशाकशावर अडले. तिनं कागद पाहून वाचलं: शिडी, कात्री, कंदील. बाईनंच पुरवलेली नावं, वीज नसतानाही त्याला न आलेली. त्याच घटकेला सांगायला हवं होतं. पण नवऱ्याच्या जिवाशी आपणच खेळलो हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढे तो हसतबोलत घरी आला, चहा मागू लागला, शेजाऱ्यांच्या नकला करू लागला. मग तर तिला सांगवेचना.

पाच महिन्यांत त्याचं बोलणं विस्कटलं. शिडीची डिशी व्हायची. चूक त्याच्या कानाला लगेच कळायची, तो दात-ओठ खाऊन पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा डिशीच निघायची. एका सकाळी तेही थांबलं. दुसऱ्यांचं बोललेलं त्याला सगळं कळत होतं, जिभेपर्यंत मात्र काही पोचत नव्हतं.

सर्जननं मेंदूचा नवा फोटो पाहिला. सोडलेल्या जागेतूनच गाठ वाढली होती आणि खोल उतरली होती. तेव्हा कुठे, नवऱ्याच्या खाटेशी उभं राहून, बाईचं तोंड उघडलं.

"डॉक्टर, त्या दिवशी ती नावं ह्यांना येत नव्हती. मी दिली. ओठांनी."

सर्जननं फोटो पाकिटात परत सरकवला.

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर पुन्हा उघडून काढली असती. आता नाही."

बाई नवऱ्याकडे वळली. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचे ओठ हलले, एकदा, मग पुन्हा, सावकाश, अगदी तिच्यासारखे, आवाज न करता. तिनं डोळ्यांत प्राण आणून पाहिलं. शिवी होती, की माफी, की नुसतं पाणी हवं होतं, तिला काही उमजेना. जन्मभर तिनं शब्द दिले होते, घ्यायची तिला सवयच नव्हती.

तिनं पेला भरला आणि त्याच्या ओठांना लावला. त्यानं तोंड फिरवलं. पाणी नको होतं त्याला.