टँगोतली टकटक

टँगो, म्हणजे ते नाचाचं परदेशी संगीत, शुद्ध थिल्लरपणा, असं चेलो वाजवणाऱ्या बाईंचं ठाम मत. पण कार्यक्रमाला माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त, म्हणून अडला हरी म्हणत त्यांनी एक टँगो वाजवायला घेतला. त्यात मधेच चेलोच्या लाकडावर बोटांनी टकटक करायची होती. बाईंनी नाक मुरडून ती केली.

पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे घोरणारे सासरे दचकून उठले. "या, दार उघडंच आहे!"

हॉलभर हशा पिकला, टाळ्या थांबेनात. एवढं कौतुक बाईंच्या वाट्याला बावीस वर्षांत आलं नव्हतं.

पुढची रचना संथ, गंभीर. सासऱ्यांचा पुन्हा डोळा लागला. बाईंचा हात हळूच लाकडाकडे सरकला. टकटक!

"सूनबाई," सासरे गरजले, "बघ गं, आता कोण कडमडलंय!"